मैत्री दोन राष्ट्रांची, जामीन तिसऱ्याचा

6 ऑक्टोबर हा अमेरिकेत 'जर्मन-अमेरिकन दिन' म्हणून पाळला जातो. बहुतेक वर्षी राष्ट्राध्यक्षांचं घोषणापत्र निघतं, ठिकठिकाणी बिअर आणि सॉसेजची मेजवानी होते, जर्मन वाणिज्यदूत दोन राष्ट्रांच्या अतूट मैत्रीवर चार वाक्यं बोलतात आणि लोक आपापल्या घरी जातात. अलीकडे मात्र वॉशिंग्टन आणि बर्लिन यांच्यात आयातशुल्क, संरक्षणखर्च आणि युक्रेन यांवरून खटके उडू लागले आणि या निरुपद्रवी दिवसाभोवती वादाचे दोन सूर ऐकू येऊ लागले. एक म्हणतो, मैत्रीच उरली नाही तर हा सोहळा कशासाठी? दुसरा म्हणतो, मैत्री डळमळीत आहे म्हणूनच तो अधिक जोरात करा, कारण स्थलांतरितांचे वंशज हाच दोन राष्ट्रांना जोडणारा पूल आहे. दोघं एकमेकांवर तुटून पडतात आणि एक गृहीतक दोघंही विनातक्रार गिळतात: या वारशाची किंमत दोन सरकारांचं एकमेकांशी किती जमतं यावर ठरते.

मला हे गृहीतकच चूक वाटतं, आणि चुकीपेक्षाही अधिक धोक्याचं वाटतं. जर्मन स्थलांतरितांचा वारसा जरूर साजरा व्हावा. पण तो अमेरिकेच्या इतिहासाचा भाग आहे म्हणून व्हावा, जर्मनीशी असलेल्या मैत्रीची शोभा म्हणून नव्हे. स्थलांतरिताला राष्ट्रमैत्रीचा प्रतिनिधी केलं की तो नकळत तिचा जामीनदारही होतो, आणि मूळ कर्जदार बुडाला की वसुली कोणाकडून होते हे आपल्याकडच्या कोणत्याही पतपेढीच्या सभासदाला सांगावं लागणार नाही.

ज्या दिवसाची ही आठवण आहे तिथूनच सुरुवात करू. 6 ऑक्टोबर 1683 रोजी 'कॉन्कॉर्ड' जहाजातून क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाला उतरली. क्रेफेल्ड तेव्हा डच ऑरेंज घराण्याच्या ताब्यात होतं, प्रशियाकडे ते 1702 मध्ये गेलं. आलेल्यांपैकी बरेच जण डच वळणाचं बोलत. ते उतरले ती पेन्सिल्वेनिया ही इंग्लंडच्या राजाने विल्यम पेनला दिलेली वसाहत. अमेरिका नावाचं राष्ट्र जन्मायला अजून 93 वर्षं होती आणि जर्मनी नावाचं राष्ट्र जन्मायला 188. म्हणजे ज्या दोन राष्ट्रांच्या मैत्रीचा हा आरंभ म्हणून सांगितला जातो त्यांपैकी एकही त्या दिवशी अस्तित्वात नव्हतं. क्वेकर आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांची ही माणसं कोणाची वकिली करायला आली नव्हती. आपल्या देवाची प्रार्थना आपल्या पद्धतीने करू देईल अशी जागा त्यांना हवी होती.

आल्यानंतर पाचच वर्षांत त्यांच्या वसाहतीतल्या चौघांनी काय केलं? 1688 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन या वसाहतीतल्या या चौघांनी, ज्यात वसाहतीचे संस्थापक फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस होते, गुलामगिरीच्या विरोधात आपल्या क्वेकर बांधवांना उद्देशून एक निवेदन लिहिलं. युक्तिवाद साधा होता. युरोपात माणसांना श्रद्धेसाठी छळतात म्हणून आपण इथे आलो, आणि इथे माणसांना कातडीच्या रंगासाठी छळलं जातंय. आपल्याशी कोणी असं वागलेलं आपल्याला चालेल का? क्वेकरांच्या मासिक सभेने ते तिमाही सभेकडे पाठवलं, तिमाहीने वार्षिक सभेकडे, आणि तिथे ते बाजूला पडलं. वरिष्ठांकडे सादर करून विषय मिटवण्याची कला कोणा एका देशाची मक्तेदारी नाही. पण उत्तर अमेरिकेच्या इंग्रज वसाहतींमधला गुलामगिरीविरुद्धचा हा पहिला लेखी सामूहिक निषेध मानला जातो. यात मैत्री कुठल्या दोन राष्ट्रांची आहे? यात आहे तो उपऱ्यांनी नव्या घराच्या मालकांशी घातलेला वाद.

1848 च्या फसलेल्या क्रांतीनंतर आलेल्यांचंही तेच. ही मंडळी जर्मन संस्थानिकांच्या तुरुंगांतून आणि बंदुकांपुढून पळालेली. कार्ल शुर्त्सने 1850 मध्ये आपले गुरू गॉटफ्रीड किंकेल यांना श्पांडाऊच्या तुरुंगातून पळवून नेलं. पुढे तोच अमेरिकेत गुलामगिरीविरोधी लढ्यात उतरला, यादवी युद्धात सेनापती झाला, मिसूरीचा सिनेटर झाला आणि मग केंद्रात मंत्री. त्याची पत्नी मार्गारेट हिने 1856 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला बालवाडी काढली, अमेरिकेतली पहिली. टेक्सासमधले कित्येक जर्मन शेतकरी तर गुलामगिरीवाद्यांच्या राज्यात राहून संघराज्याशी एकनिष्ठ राहिले. मेक्सिकोकडे निघालेल्या त्यांच्यातल्या एका तुकडीला 10 ऑगस्ट 1862 रोजी नुएसेस नदीकाठी बंडखोर सैन्याने गाठून मारलं. कम्फर्ट गावी 1866 मध्ये त्यांचं स्मारक झालं. त्यावरचा मजकूर जर्मन आहे आणि त्यात जाहीर केलेली निष्ठा अमेरिकेच्या संघराज्याशी आहे. या सगळ्यांचा वारसा प्रशियाच्या राजाशी सलोखा राखण्याचा होता असं कोण म्हणेल?

आता पुलाच्या सिद्धांताकडे. स्थलांतरितांच्या संख्येतून राष्ट्रमैत्री उगवत असती तर अमेरिका आणि जर्मनी यांच्यात युद्ध अशक्य व्हायला हवं होतं. 1910 च्या जनगणनेत स्वतः जर्मनीत जन्मलेले किंवा आई-वडिलांपैकी कोणी तिथे जन्मलेले असे लोक 80 लाखांहून अधिक होते. देशाची लोकसंख्या होती सव्वानऊ कोटींच्या आसपास. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुइस इथे जर्मन वर्तमानपत्रं होती, नाटकघरं होती, तालीमखाने आणि गायनमंडळं होती. इतका रुंद पूल जगात क्वचितच कुठे बांधला गेला असेल. त्यानंतर सात वर्षांत अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि चोवीस वर्षांनी पुन्हा उतरली.

पहिल्या वेळी पुलावरच्या माणसांचं काय झालं? 5 एप्रिल 1918 रोजी मध्यरात्रीनंतर इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रागर नावाच्या खाणकामगाराला जमावाने झाडाला लटकवून मारलं. त्याआधी त्याला अनवाणी रस्त्यातून फिरवलं, देशभक्तीची गाणी म्हणायला लावली, झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. हा माणूस मूळचा जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. त्याने अमेरिकेच्या नौदलात भरती व्हायचा प्रयत्न केला होता. तब्येतीच्या कारणावरून त्याला घेतलं नाही. अकरा जणांवर खटला चालला आणि ज्यूरीने थोडक्या वेळात सगळ्यांना निर्दोष सोडलं. पुढच्याच महिन्यात आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत आणि टेलिफोनवर इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा बोलायला बंदी घातली. प्रार्थनासुद्धा इंग्रजीतच करायची. स्कॉट काउंटीतल्या काही शेतकरी बायकांना टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल दंड भरावा लागला. सिनसिनाटीत 'जर्मन स्ट्रीट'ची 'इंग्लिश स्ट्रीट' झाली. नेब्रास्कातल्या जर्मनटाउनचं गारलंड झालं. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाचे संचालक कार्ल मूक यांना जॉर्जियातल्या छावणीत डांबलं. दोन घरांच्या सोयरिकीत व्याही भांडले की आधी चटका सुनेला बसतो. सोयरीक जुळवणारे तेव्हा कुठे दिसत नाहीत.

विरुद्ध बाजूचा सर्वांत जड मुद्दा इथे येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. संशय अगदीच निराधार होता का? नव्हता. 30 जुलै 1916 रोजी न्यूयॉर्क बंदरातल्या ब्लॅक टॉम इथला दारूगोळा उडाला तो जर्मन हस्तकांनी उडवला. 1917 च्या सुरुवातीला जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांची तार उघड झाली. अमेरिकेशी लढलात तर टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देऊ असं आमिष त्यात मेक्सिकोला दाखवलेलं होतं. नॅशनल जर्मन-अमेरिकन अलायन्स ही संस्था 1901 साली 6 ऑक्टोबरचाच मुहूर्त धरून फिलाडेल्फियात स्थापन झाली. वीस लाख सभासदांचा तिचा दावा होता. युद्धाच्या पहिल्या वर्षांत तिने ब्रिटनला शस्त्रं विकू नयेत म्हणून उघड मोहीम चालवली आणि जर्मन सम्राट कैसरची बाजू मांडली. म्हणजे संघटित जर्मन-अमेरिकनांनी पुलाची भूमिका आपण होऊन अंगावर घेतली होती.

हे सगळं मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? अलायन्सची चूक कोणती? तिने असं भासवलं की आम्ही वीस लाख म्हणजे इथला जर्मनी. शत्रूंनी हा दावा शब्दशः खरा धरला. बाखचं संगीत आवडणं, आपल्या चर्चमध्ये जर्मन प्रवचन ऐकणं, रविवारी बागेत बिअर पिणं या एका समाजाच्या सवयी होत्या. अलायन्सने त्या परक्या सरकारच्या खात्यावर मांडल्या. खातं गोठवलं तेव्हा सवयीही गोठल्या. ब्लॅक टॉमच्या हस्तकांना पकडायला पोलीस आणि पुरावा पुरेसा होता. प्रागरचा गुन्हा ठरवायला पुरावा नको होता, कारण तो एक व्यक्ती उरलाच नव्हता.

ही गोष्ट केवळ जर्मनांची नाही. प्रागर मारला गेला त्याच एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत हिंदू-जर्मन कट खटला संपत होता. अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाने ब्रिटिशांविरुद्ध जर्मनीची मदत घेतली होती, म्हणून जर्मन वाणिज्यदूत फ्रान्झ बोप आणि हिंदुस्थानी क्रांतिकारक एकाच पिंजऱ्यात उभे होते. अखेरच्या दिवशी भर न्यायालयात गदरचे रामचंद्र यांना त्यांच्याच एका साथीदाराने गोळी घातली. या पक्षाच्या उभारणीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. युद्धकाळात ते जर्मनांच्या साथीने इराणात लढायला गेले आणि मायदेशी त्यांना परतता आलं ते स्वातंत्र्यानंतर. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतले, मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला फासावर गेले. त्यांनी जर्मनीची मदत घेतली ती डोळे उघडे ठेवून, आणि किंमतही स्वतः मोजली. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या, कटाशी काही देणंघेणं नसलेल्या हिंदी माणसावरही त्या खटल्याची सावली पडली.

1923 साल इथे विशेष बघण्यासारखं आहे. फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या अमेरिकेत स्थायिक झालेल्या शीख माणसाच्या खटल्यात निर्णय दिला की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. जूनमध्ये त्याच न्यायालयाने रॉबर्ट मेयर या नेब्रास्कातल्या शिक्षकाची शिक्षा रद्द केली. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल त्यांना 25 डॉलर दंड झाला होता. सात विरुद्ध दोन. विरोधी मत देणाऱ्या दोघांत जॉर्ज सदरलंड होते, आणि थिंदविरुद्धचा निकाल लिहिणारेही तेच. मला या जोडीत जे दिसतं ते असं: मेयर यांना न्यायालयाने सोडलं ते जर्मनीशी संबंध सुधारले म्हणून नाही. आई-वडिलांना मूल वाढवण्याचा आणि शिक्षकाला शिकवण्याचा हक्क आहे, तो अमेरिकेच्याच राज्यघटनेतून येतो, असं म्हणून सोडलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढायला निघालं. पंडित लढले. त्यांच्या बाजूने ब्रिटिश हिंदुस्थानचं सरकार उभं राहणार होतं थोडंच? तुम्ही मला नागरिक केलंत, त्या विश्वासावर मी इथे वकिली आणि संसार उभा केला, आता मागे फिरता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि वरिष्ठ न्यायालयाने 1926 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. हक्क टिकला तो त्या भूमीतल्या कायद्याच्या आधाराने.

एक आक्षेप मात्र पुरता खोडता येत नाही. जर्मन गोरे होते, त्यामुळे त्यांचा छळ अल्पकाळ टिकला आणि आज त्याची तुलना इतरांशी करणं बरं नव्हे, असं म्हणणारे बरोबर आहेत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे अकरा हजार जर्मनांना अमेरिकेने डांबलं. जपानी वंशाचे एक लाख वीस हजार लोक छावण्यांत गेले आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. त्याच वेळी युरोपातल्या फौजांचा सरसेनापती आयझेनहॉवर आणि पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख निमिट्झ, दोघंही जर्मन वंशाचे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला अधिक टोक देतो. गोरेपण असूनही 1918 मध्ये जामीन जप्त झाला. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांनी जामीन राहावं का?

आणि 1945 नंतरची मैत्री? ती खरी आहे, मोलाची आहे. पण ती घडवली मार्शल योजनेने, 1948-49 च्या बर्लिन हवाई पुरवठ्याने, पश्चिम जर्मनीच्या 1955 मधल्या नाटो प्रवेशाने, आणि या सर्वांमागे असलेल्या सोव्हिएत धास्तीने. भुकेल्या जर्मन घरांत अमेरिकेतल्या नातलगांची पार्सलं पोचली आणि त्यांनी मनं जोडली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. 1983 मध्ये स्थलांतराच्या त्रिशताब्दीनिमित्त सुरू झालेल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीतून आजही दर वर्षी मुलं एकमेकांच्या घरी राहायला जातात. सबंध सोहळ्यातलं सगळ्यांत टिकाऊ काम तेच असावं. पण त्या त्रिशताब्दीचं दुसरं चित्रही पाहा. 1983 हे पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रं येण्याचं वर्ष. लाखो जर्मन त्याविरुद्ध रस्त्यावर होते. तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बुश जूनमध्ये खास क्रेफेल्डला आले, तेरा कुटुंबांचं गुणगान करायला. बाहेर निदर्शकांनी त्यांच्या ताफ्यावर दगडफेक केली. युद्धाला नकार देणाऱ्या मेनोनाइटांच्या गावी त्यांच्याच नावाने क्षेपणास्त्रांची दोस्ती साजरी होत होती, हे आयोजकांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. चार वर्षांनी रेगन यांनी कायद्याने हा दिवस मुक्रर केला, त्यालाही शीतयुद्धाची तीच पार्श्वभूमी होती.

हे मराठीत लिहायचं कारण उघड आहे. सप्टेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेतल्या भारतीयांना 'राष्ट्रदूत' म्हटलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्षभरात भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लागलं, एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसला, आणि इकडून विचारणा सुरू झाली की तिकडचे आपले लोक गप्प का? तिकडचे वेगळंच विचारत होते: तुम्ही नेमके कोणाचे? दोन्ही प्रश्न एकाच गृहीतकातून आले. दूत म्हणून मिरवलेल्या माणसाला दोन्ही दरबार जाब विचारतात. न्यू जर्सीत ढोल-ताशा पथक चालवणाऱ्या मुलीने नवी दिल्लीच्या तेलखरेदीचा खुलासा का करावा?

मग सोहळे कसे व्हावेत? वाणिज्यदूताला जरूर बोलवा, पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसवा; विषय ठरवायचं काम त्याच्याकडे देऊ नका. 6 ऑक्टोबरला जर्मनटाउनचं निवेदन वाचा, कॉलिन्सव्हिलचं नाव घ्या, मेयर यांचा निकाल शाळेतल्या मुलांना समजावून सांगा. कैसरला शिव्या घालण्याची गरज नाही आणि आजच्या जर्मन चॅन्सेलरची भलामणही नको. बिअर असू द्या. शिकागोत 1855 मध्ये जर्मनांनी तिच्यासाठी दंगलसुद्धा केली आहे. दूतावासाचा निधी आणि मोठ्या पाहुण्यांची चमक नसेल तर गर्दी कशी जमणार, असं आयोजक म्हणतील. गर्दी थोडी कमी होईल, हे खरं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत मात्र गर्दीची अडचण नसते. तिथे नाटक आणि जेवण यांच्या मध्ये एक तास सखाराम गणेश पंडितांच्या खटल्यासाठी काढायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.